दर नंतर, आयडी आधी: डिलिव्हरी रायडरांची संघटना बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘कंपनीनं महिन्याभरात दुसऱ्यांदा ऑर्डरमागचा दर कमी केला. आमच्या झोनमधल्या तीनशेएक रायडरांचा चॅट ग्रुप आहे. येत्या रविवारी सगळ्यांनी लॉगआऊट करायचं असं ग्रुपवर चाललंय. संप करावा का? पुढे संघटना कशी उभी करायची? पुढाकार घेणाऱ्याचा आयडी, म्हणजे ॲपवरचं खातं, जाईल, ही भीती सगळ्यांनाच आहे.’

रविवारचा संप करू नका. निदान या रविवारी तरी नकोच.

मी स्वतः दोन वर्षं पाठीवर बॅग टाकून फिरलो आणि त्यानंतरची सगळी वर्षं रायडरांच्या संघटना बांधण्यात गेली. त्यामुळे हे घाबरून सांगतोय असं समजू नका. ग्रुपवर तीनशे जण आहेत. त्यातल्या किती जणांचे चेहरे तुम्हाला माहीत आहेत? माझा ढोबळ हिशेब असा, की तीनशेंच्या ग्रुपमध्ये तीसेक जण लिहितात, शंभर जण अंगठा दाखवतात आणि प्रत्यक्ष बोलावलं तर आठ-दहा येतात. रविवारी संध्याकाळी ज्यांनी अंगठा दाखवला होता, त्यातलेच निम्मे ऑर्डर उचलताना दिसतील. सोमवारी ग्रुपवर शिवीगाळ सुरू होईल आणि बुधवारपर्यंत ग्रुप संपलेला असेल. हे मी एकदा नाही, चार-पाच वेळा पाहिलंय. त्यातल्या एका वेळी हाक देणारा मीच होतो.

असं होतं यात रायडरांचा भित्रेपणा फारसा नसतो. संप फोडण्याची सोय ॲपमध्ये आधीपासूनच आहे. निम्म्या लोकांनी लॉगआऊट केलं की उरलेल्यांना ऑर्डर दुप्पट पडतात, वर सर्ज (गर्दीच्या वेळचा जादा दर) लागतो. म्हणजे संप करणाऱ्यांनी सोडलेली कमाई त्याच रात्री संप फोडणाऱ्याच्या खात्यात जमा होते, आणि त्यासाठी कंपनीला कोणालाच फोन करावा लागत नाही. हाक आधीच जाहीर झाली असेल तर इन्सेंटिव्हही वाढतो. भारतात २५ आणि ३१ डिसेंबर २०२५ साठी संपाची हाक दिली गेली तेव्हा वर्षअखेरच्या रात्री ऑर्डरमागे जादा पैसे जाहीर झाले. वर्षभर दरासाठी झगडणाऱ्याला त्या एका रात्रीचा दर सोडवत नाही. त्याला गद्दार म्हणणं सोपं आहे, पण पुढच्या महिन्यात तोच तुम्हाला सोबत हवा असतो.

कारखान्याला फाटक असतं. संपाच्या दिवशी फाटकावर उभं राहिलं की आत कोण गेलं, बाहेर कोण राहिलं, ते दिसतं. तुमच्या धंद्यात फाटक नाही, ते बनवावं लागतं. लंडनमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये रायडरांचे संप झाले. जेवण पोहोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीनं तासाचा पगार काढून ऑर्डरवर पैसे देण्याची नवी पद्धत आणली होती, त्यावरून पहिली ठिणगी पडली. पाठोपाठ उबर ईट्सचे रायडरही उतरले. इतर रायडर कुठे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या ॲपवरून, पहिल्या ऑर्डरची सूट वापरून, जिथे उभे होते तिथेच जेवण मागवलं. जेवण घेऊन येणारा रायडर आपोआप त्यांच्यात येऊन थांबायचा. मग त्याच्याशी बोलणं, त्याला सामील करून घेणं. कंपनीच्याच सॉफ्टवेअरनं माणसं गोळा करून दिली! तुम्हीही असंच करा असं मी म्हणत नाही, आता खोटी ऑर्डर म्हणून आयडी लगेच उडेल. पण विचार कसा करायचा, ते यातून कळतं. तुमच्या झोनमध्ये रायडर कुठे थांबतात? कोणत्या हॉटेलाबाहेर वीस-वीस मिनिटं ताटकळतात? ते तुमचं फाटक. झटपट किराणा पोहोचवणाऱ्यांचं तर बरं आहे, त्यांचं अख्खं काम एकाच गोदामाला बांधलेलं असतं. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली आणि आसपास ब्लिंकिटच्या रायडरांनी नव्या दराविरुद्ध काम थांबवलं तेव्हा कंपनीला कित्येक गोदामं काही दिवस बंद ठेवावी लागली. त्यांना फाटक आयतं मिळालं होतं.

आता मुद्द्याचं. तुमची पहिली मागणी दराची नसावी, आयडीची असावी. यावर माझं जुन्या सहकाऱ्यांशीही भांडण होतं, पण मी मत बदललेलं नाही.

एक प्रसंग सांगतो. एक रायडर, तीन वर्षं काम, रेटिंग उत्तम. एका रात्री ग्राहकानं कळवलं की ऑर्डर मिळालीच नाही. सकाळी लॉगिन होईना. मदतीच्या चॅटवर एकच उत्तर पुन्हा पुन्हा येत राहिलं: तुमच्या खात्याची पडताळणी झाली असून निर्णय अंतिम आहे, सहकार्याबद्दल आभार. आठवड्याची कमाईही अडकली. योगायोग असा, की त्याच महिन्यात झोनमधल्या मुलांचे नंबर गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. कंपनीनं सूड घेतला का? मला आजही सांगता येणार नाही. कारणच दिलं नाही तर सूड होता हे सिद्ध कशाच्या जोरावर करणार? कारखान्यात कामावरून काढलं तर निदान कागद हातात येतो, चौकशी होते, मजुराला न्यायालयात जाता येतं. इथे काढून टाकलं असं कोणी म्हणतही नाही. लॉगिन होत नाही, एवढंच. जोवर असं चालतं तोवर दर, विमा, पेट्रोल यातलं काहीही मागणारा पहिला माणूस सर्वांत आधी गायब होऊ शकतो. मग दुसरा कशाला बोलेल?

म्हणून मागणी नेमकी अशी लिहायची: आयडी बंद करण्याआधी लेखी कारण आणि ठरावीक दिवसांची नोटीस, ज्या नोंदींवरून ठरवलं त्या दाखवणं, आणि अपील ऐकायला जिवंत माणूस. ही मागणी अतिरेकी नाही. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे. गंभीर गैरवर्तन सोडलं तर १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कर्नाटकच्या २०२५ च्या गिग कामगार (ॲपवरून सुटं काम घेणारे कामगार) कायद्यातही लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस आहे. युरोपीय संघानं ऑक्टोबर २०२४ मध्ये प्लॅटफॉर्म कामाबद्दलचा जो निर्देश मंजूर केला, त्यात खातं बंद करण्याचा निर्णय माणसानंच घ्यायचा असं स्पष्ट म्हटलं आहे. सदस्य देशांना तो २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे. त्याच निर्देशात आणखी एक तरतूद आहे, ती मला फार आवडते: कामगारांना एकमेकांशी खासगीत बोलता येईल अशी सोय प्लॅटफॉर्मनंच करून द्यायची. रायडर एकमेकांना शोधूच शकत नाहीत, ही अडचण कायदा करणाऱ्यांनाही कळली आहे. ब्राझीलमध्ये १ जुलै २०२० रोजी रायडरांनी देशभर काम बंद ठेवलं, तेव्हा दरवाढ आणि विम्याच्या बरोबरीनं विनाकारण होणारं ब्लॉकिंग थांबवा ही मागणी होती.

अडचण एकच. आयडीच्या नावानं मीटिंगला कोणी येत नाही. ज्याचा आयडी गेला तो दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या ॲपवर असतो. ज्याचा शाबूत आहे त्याला वाटतं, आपण नीट काम करतो, आपल्याला काय होणार. लोक जमतात ते दर कापला म्हणून. तर जमू द्या दरासाठीच. मीटिंगमध्ये शेवटी एक प्रश्न विचारा, गेल्या वर्षात तुमच्या ओळखीतल्या किती जणांचे आयडी गेले? हात वर यायला लागतात तेव्हा खोलीतली हवा बदलते.

आणि मग त्यातला एकच आयडी निवडा आणि परत मिळवा. पुरावा भक्कम असलेला निवडा. भावनिक कहाणी असलेला नको. वर सांगितलेल्या रायडरची फाइल आम्ही अशी केली: दाराशी ऑर्डर ठेवल्याचा फोटो, त्या वेळेची कॉलची नोंद, फोनमधला प्रवासाचा नकाशा, तीन वर्षांच्या रेटिंगचे स्क्रीनशॉट. दोन पानी अर्ज, खाली अकरा सह्या. मग आम्ही अकरा जण कंपनीच्या स्थानिक ऑफिसात गेलो, गणवेश घालून, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो. घोषणा नाहीत, व्हिडिओ नाही. व्यवस्थापक म्हणाले, सिस्टिमनं केलंय, माझ्या हातात काही नाही. ठीक आहे म्हणालो आणि बसून राहिलो. चाळीस मिनिटांनी ते बाहेर आले आणि म्हणाले, लॉगिन करून बघा. सिस्टिमच्या हातात असलेली गोष्ट चाळीस मिनिटांत माणसाच्या हातात आली होती. त्या अकरा जणांपैकी नऊ जण पुढची चार वर्षं संघटनेत होते. एकाही सभेतून मला इतकी टिकणारी माणसं मिळालेली नाहीत.

अर्जावर सह्या घेताना त्या गोलात घ्या, म्हणजे पहिली कोणाची ते कळत नाही. साधी युक्ती आहे, पण पहिली सही करायला जो कचरतो त्याचा हात मोकळा होतो.

दराबद्दल. दर कमी झाला, हे तुम्ही सिद्ध करू शकता का? बहुतेक ठिकाणी जुनं रेट कार्ड कोणाकडेच नसतं, कारण ॲपमध्ये नवं आलं की जुनं दिसेनासं होतं. आजच सगळ्यांकडून जुने स्क्रीनशॉट मागवा. आणि एक वही घाला. प्रत्येकानं एक आठवडा लिहायचं: लॉगिन किती वाजता, ऑर्डर कधी पडली, ॲपनं दाखवलेलं अंतर, गाडीच्या मीटरवरचं अंतर, हॉटेलात थांबलेली मिनिटं, मिळालेले पैसे, लॉगआऊट. ॲपवरचं अंतर आणि मीटरवरचं अंतर शेजारी शेजारी लिहिलं की बऱ्याच गोष्टी न बोलता कळतात. एकदा एकाच हॉटेलातून एकाच इमारतीत जाणाऱ्या दोन ऑर्डर दोन मुलांना पडल्या. दोघांनी फोन शेजारी धरले, पैसे वेगळे. का, हे त्यांनाही कळेना, मलाही. त्यातला जुना रायडर कमी पैशावर होता. तो पाच मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला, वही दे इकडे.

वहीचा खरा उपयोग तासाचा हिशेब काढायला होतो. रायडर ऑर्डरवर हिशेब करतो, आज इतक्या ऑर्डर मारल्या, इतके पैसे झाले. कंपनीलाही त्यानं असाच हिशेब करायला हवा असतो. लॉगिनपासून लॉगआऊटपर्यंतचे तास धरा, पेट्रोल आणि गाडीची झीज वजा करा, मग भागाकार करा. आपला सर्वांत चांगला दिवस अभिमानानं सांगणाऱ्या एका मुलाचा हिशेब मी त्याच्यासमोर असा मांडला होता. तेव्हा त्याचा चेहरा असा उतरला, की पुन्हा मी तो चारचौघांत कधी मांडला नाही. ज्याचा त्याला करू द्यावा.

न्यूयॉर्कमध्ये रायडरांनी जिंकलेल्या किमान वेतनात हीच गोष्ट महत्त्वाची आहे. तिथला तासाचा दर डिसेंबर २०२३ पासून १७.९६ डॉलर ठरला आणि त्यात ऑर्डरची वाट बघत घालवलेला वेळही धरला गेला. पण त्यांनी सुरुवात तिथून केली नव्हती. लोस डेलिव्हेरिस्टास उनिदोस हा गट २०२० मध्ये उभा राहिला तो सायकली चोरीला जातात, लूटमार होते आणि हॉटेलवाले स्वच्छतागृह वापरू देत नाहीत, या तक्रारींवर. २०२१ मध्ये स्वच्छतागृहाचा हक्क मिळाला, वेतन त्यानंतर. आणि वेतन लागू होताच मोठ्या ॲपनी टिप देण्याचा पर्याय ऑर्डर पूर्ण झाल्यानंतरच्या पानावर ढकलला. एक दार लावलं की दुसरी खिडकी उघडते. त्यामुळे दर जिंकला म्हणून वही बंद करायची नसते.

आम्ही कामगार की भागीदार, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी विचारेल. त्यावर रात्र घालवू नका. जगभरातल्या न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये फूडोरा या जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीच्या रायडरांना नोकरदारांसारखं संरक्षण लागू केलं. ती लढाई तूरिनमधल्या २०१६ च्या संपातून सुरू झाली होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये डिलिव्हरूच्या रायडरांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क नाकारला, कारण करारात आपल्या जागी बदली माणूस पाठवायची मुभा होती, म्हणून ते नोकरीच्या नात्यात बसत नाहीत असं ठरलं. निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी काय होऊ शकतं ते कॅनडात दिसलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ओंटारिओच्या श्रम मंडळानं फूडोराच्या रायडरांना संघटनेचा हक्क आहे असं ठरवलं, आणि मे महिन्यात कंपनी देश सोडून गेली. संघटना हवी की नको, याची मतमोजणी त्यानंतर झाली. ८८.८ टक्के मतं संघटनेच्या बाजूनं पडली, पण तोवर बोलणी करायला समोर कंपनीच उरली नव्हती. स्पेननं २०२१ मध्ये कायदाच केला, रायडर हे नोकर मानायचे आणि काम वाटणारं अल्गोरिदम कोणत्या निकषांवर चालतं ते कामगार प्रतिनिधींना सांगायचं. डिलिव्हरू बाहेर पडली. ग्लोवो या दुसऱ्या कंपनीनं स्वयंरोजगाराची पद्धत सोडायची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये केली, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ गेल्यावर. याउलट नॉर्वेमध्ये फूडोराचे रायडर आधीपासून नोकर होते. २०१९ मध्ये पाच आठवडे संप करून त्यांनी सामूहिक करार मिळवला.

भारतात तिसरीच वाट निवडली आहे: नोकर म्हणायचं नाही, पण कल्याण मंडळ आणि निधी उभारायचा. राजस्थाननं २०२३ मध्ये, कर्नाटकनं २०२५ मध्ये कायदा केला. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे आहेत. मालक-कामगार नातं बोट ठेवून दाखवता येत नाही तिथे मंडळ नेमून लेव्ही घ्यायची, ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही, १९६९ चा माथाडी कायदा हेच करत आला आहे. मात्र माथाडींच्या मंडळामागे माथाडींची जबरदस्त संघटना होती. नोंदणी जरूर करा, पण मंडळात आपलं नाव आलं म्हणजे संघटना झाली असं समजू नका.

समिती कशी करायची? झोनमध्ये थांबायच्या जितक्या जागा, तितके प्रतिनिधी. कंपनीनुसार अजिबात करू नका, एकेका माणसाच्या फोनवर तीन-तीन ॲप असतात. एकच नेता नको. चीनमध्ये हजारो रायडरांचे चॅट ग्रुप चालवणाऱ्या एका रायडरला फेब्रुवारी २०२१ मध्ये अटक झाली. सगळे धागे एकाच हातात असले की तो हात पकडला जातो आणि बाकीचे एकमेकांना ओळखतही नाहीत. तुमच्याकडे अटकेची वेळ येणार नाही कदाचित, पण आयडी जाण्याची येईल, गणित तेच. तीनशेंच्या ग्रुपमध्ये कंपनीचा माणूस आहे असं धरूनच चाला. तिथे फक्त टायरवाला कुठे आहे, रस्ता कुठे बंद आहे, असलं टाका. ठरवायचं ते समोरासमोर.

दुसऱ्याच्या आयडीवर काम करणारी मुलं तुमच्याही झोनमध्ये असतील. कोणाकडे कागद नाहीत, कोणाचं वय बसत नाही, कोणी भाड्यानं आयडी घेतलाय. दर कमी झाला की लोकांचा राग पहिला यांच्यावर निघतो, हेच कमी पैशात काम करतात म्हणून. त्यांची तक्रार कंपनीकडे करायचा मोह होईल. एका ठिकाणी आमच्याच लोकांनी ती केली. कंपनीनं पडताळणीच्या नावाखाली शंभरेक आयडी बंद केले, त्यात तक्रार करणारेही गेले. त्या मुलांना समितीवर बसवू नका, त्यांना ते झेपणार नाही, पण वहीत त्यांचंही लिहून घ्या, नाव न घालता.

वर्गणी पहिल्या महिन्यापासून, कितीही छोटी, आणि पावतीसकट. पावती नसेल तर सहा महिन्यांनी भांडण पैशावरून होईल, कंपनीला काहीच करावं लागणार नाही. मोठ्या संघटनेशी जोडून घ्यायचं की नाही? वकील आणि बसायला जागा मिळते, म्हणून घ्यावं. पण कंपनीशी करार झाला तर सही कोण करणार ते आधी लिहून घ्या. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये डिलिव्हरूनं जीएमबी या मोठ्या संघटनेशी करार केला आणि रायडरांना घेऊन आधीपासून लढणारी आयडब्ल्यूजीबी ही संघटना बाहेर राहिली.

संप कधीच करायचा नाही असं नाही. केला तर छोटा करा: रात्री आठ ते दहा, ठरलेल्या तीन-चार हॉटेलांबाहेर, गाड्या लावून. दोन तासांचं नुकसान माणूस सोसतो, आणि कोण आलं नाही ते डोळ्यांनी दिसतं. त्याआधी रंगीत तालीम घ्या.

तर या रविवारी संपाऐवजी ती तालीम करा. साडेसात वाजता, गर्दी सुरू होण्याआधी, सर्वांत जास्त रायडर जिथे थांबतात तिथे पंधरा मिनिटांसाठी सगळ्यांना बोलवा. भाषण नको. डोकी मोजा. जितक्यांनी येतो म्हटलं त्याच्या दोन तृतीयांशांपेक्षा कमी आले, तर पुढचे दोन महिने संपाचं नाव काढू नका. आलेल्यांना वहीचं पान द्या आणि कोणाकोणाचे आयडी गेलेत ते विचारा. वही कोणाकडे राहणार, ते मात्र आदल्या दिवशी ठरवून ठेवा. ग्रुपच्या ॲडमिनकडे नको.